रोहिणीताई आणि शनिवारची अंघोळ

रोहिणीताईच्या यजमानांचा, विनायकरावांचा फोन आला तेव्हा मी तोझाई लाईनच्या गाडीत उभी होते, ऑफिसला निघालेली. इथे जपानात गाडीत फोनवर बोलायचं नसतं. पर्समध्ये फोन थरथरला, मी नाव बघितलं आणि मला कळलं. विनायकराव फोन करणारे गृहस्थच नव्हेत. त्यांचा सगळा कारभार मेसेजवर, तोही पूर्णविरामासकट. पुढच्या स्टेशनवर उतरून बोलता आलं असतं, पण मी उतरले नाही. त्याच्या पुढच्याही स्टेशनवर नाही. जोवर मी गाडीत आहे तोवर मला कुणी काही सांगू शकत नाही, असलं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात घेऊन मी ऑफिसच्या स्टेशनपर्यंत तशीच उभी राहिले. मग फलाटावरच्या बाकावर बसून फोन लावला. "वर्षा, पहाटे गेली गं ती... झोपेतच," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. चौदा वर्षांत त्या माणसाला मी मोठ्याने हसतानाही ऐकलं नव्हतं. मी मात्र रडले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसून राहिली, की आता शनिवार राहिला नाही. त्या शनिवारचंच मला सांगायचं आहे. रोहिणीताईचे गुण गाणारे पुष्कळ आहेत, त्यांनी ते गायलेही. मला माझं सांगायचं आहे.

आमची ओळख कचऱ्यावरून झाली. मी नवी नवरी, ग्योतोकुला येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, निखिल सकाळी सातला घराबाहेर. एक दिवस बेल वाजली. दारात पंजाबी ड्रेस घातलेली, ठसठशीत टिकली लावलेली बाई आणि तिच्या हातात माझी कचऱ्याची पिशवी! "ही तुमची का हो?" तिने विचारलं. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाली, "मेथीच्या काड्या आणि कढीपत्ता. या इमारतीत मी सोडून दुसरं कोण खातं? आणि मी बुधवारी ओला कचरा टाकायला खुळी नाही." बुधवार प्लास्टिकचा वार होता म्हणे. मग तिथेच, माझ्या दारात, तिने माझ्याकडून वारांचं वेळापत्रक पाठ करून घेतलं. मी दोनदा "तुम्ही" म्हटलं तेव्हा डोळे वटारून म्हणाली, "तुम्ही काय? सासू आहे का मी तुझी?" तेव्हापासून ती माझी रोहिणीताई आणि मी तिची खुळी. मूळची मिरजेची. विनायकरावांना इथल्या एका संस्थेत दोन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं म्हणून दोन बॅगा घेऊन आली, ती दोन वर्षं कधी संपलीच नाहीत. मुलगा ऋषी इथेच जन्मला. ती मराठीत विचारायची, तो जपानीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं कडाकडा भांडणही असंच दोन भाषांतून चालायचं.

मग तो मार्च आला, भूकंपाचा. आम्ही दोघी तिच्या जेवणाच्या टेबलाखाली बसलो होतो आणि ती माझं डोकं आपल्या मांडीत दाबून रामरक्षा म्हणत होती, मधेच थांबून "पुढचं काय गं?" असं मलाच विचारत होती. पाचव्या दिवशी मी पुण्याच्या विमानात बसले. आई तिकडे फोनवर जीव टाकत होती, निखिलचं ऑफिस बंद होतं... कारणं खरी होती, तरी निघताना तिच्या तोंडाकडे बघवेना. तीच म्हणाली, "जा गं. ऋषीची शाळा आहे, यांची लॅब आहे, मला कुठे जाता येतंय! तू जा आणि येताना गोडा मसाला आण." मी मे महिन्यात परत आले, मसाला घेऊन तिच्याकडे गेले, तर बाईसाहेब दारातच भेटल्या. हातात प्लास्टिकची परडी, त्यात साबण, टॉवेल, उटण्याची डबी. "कुठे निघालीस?" तर म्हणे, "अंघोळीला."

झालं होतं असं, की भूकंपाच्या दिवशी त्यांचा गॅस बंद झाला. गरम पाणी नाही, शेगडी नाही. हे दोघं उच्चशिक्षित नवराबायको समजले की अख्ख्या गावाचाच गॅस गेलाय. आमचाही बंदच होता, मीही तेच समजून विमानात बसले होते. विजेच्या भांड्यात खिचडी करून खायची, गार पाण्याने हातपाय धुवायचे, मार्चच्या थंडीत! विनायकराव तर "अशा वेळी तक्रार करू नये" म्हणून कुणाला विचारायलाही तयार नाहीत. नऊ दिवसांनी शेजारच्या बाईंना सहज कळलं तेव्हा त्या दाराबाहेरच्या मीटरपाशी गेल्या, एक बटण दाबलं, तीन मिनिटं थांबल्या, आणि गॅस चालू! धरणीकंप झाला की मीटर आपोआप बंद होतो आणि बटण दाबलं की सुरू होतो, हे जपानात पहिलीतल्या पोराला ठाऊक असतं. "डॉक्टरेट आहे हो घरात," रोहिणीताई पुढे कित्येक वर्षं नवऱ्याला ऐकवायची, "पण बटण दाबायला शेजारीण लागली!" पण त्या नऊ दिवसांत एक गोष्ट घडून गेली होती. गार पाण्याला कंटाळून ती स्टेशनामागच्या गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात, सेन्तोमध्ये, जाऊन आली होती.

पहिल्या दिवसाची गोष्ट तिच्या तोंडून ऐकावी. "मला ठाऊक होतं गं, की सगळ्या बायका एकत्र अंघोळ करतात. आपल्याकडे कृष्णेच्या घाटावर नाही का करत? म्हणून मी आपली घाटावर जाते तशी गेले. परकर छातीशी बांधला आणि निघाले ऐटीत! तर गल्ल्यावरची बाई अशी धावत आली, जसं काही मी म्हैस घेऊन आत शिरतेय. कापड पाण्यात चालत नाही म्हणे. मग काय... डोळे मिटले, गजाननाचं नाव घेतलं आणि सोडली गाठ. मला वाटलं, आता सगळ्या टकामका बघणार. हळूच एक डोळा उघडला. वर्षा, एक बाई बघत नव्हती! एकसुद्धा नाही! इतका राग आला म्हणून सांगू!" हे सांगून ती इतकी हसायची की डोळ्यांतून पाणी यायचं. मग जरा थांबून म्हणायची, "पण खरं सांगू का, त्या दिवशी पाण्यात बसले आणि भूकंपानंतर पहिल्यांदा माझे खांदे खाली आले."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी साडेतीनला, दार उघडायच्या वेळेला, ती तिथे हजर. घरात गरम पाणी धो धो वाहत असताना! विनायकराव बिचारे विचारात पडायचे, पण बोलायचे नाहीत. हजेरी लावणाऱ्या पाचसहा आज्याच होत्या आणि त्यांत ही एक पन्नाशीकडे झुकलेली मिरजकर. मी एकदा विचारलं, "काय आहे तिथे एवढं?" तेव्हा भाजी चिरता चिरता तिने जे उत्तर दिलं ते मी विसरू शकत नाही. म्हणाली, "वीस वर्षं होतील आता इथे. अजून दुकानात, ऋषीच्या शाळेत, जिथे जाईन तिथे 'जपानी छान बोलता हो' म्हणतात. किती छान बोललं म्हणजे हे म्हणायचं थांबवतील गं? त्या पाण्यात मला कुणी छान बोलता म्हणत नाही. जरा सरका, म्हणतात." एवढं बोलून ती पुन्हा फरसबीकडे वळली. आम्ही परदेशात राहणारी माणसं सुट्टीच्या दिवशी काय काय करतो... चेरीचे फोटो, गणपतीचा कार्यक्रम, योकोहामाला जाऊन डोसा. तिने ते सगळं केलं, पण तिची खरी सुट्टी म्हणजे शनिवारचे ते दोन तास.

आणि मला ती दर शनिवारी बोलवायची. दर शनिवारी मी नाही म्हणायचे. सर्दी झालीय, पाळी आहे, पाहुणे येताहेत, मुलीचा पियानोचा क्लास आहे. खरं कारण एकच, लाज. आमच्या घरी आई सख्ख्या बहिणीसमोरसुद्धा दार लावून साडी बदलायची. मी शाळेच्या पोहण्याच्या तासाला सबंध वर्षभर कान दुखण्याचं नाटक केलेली मुलगी. इतरांनी मला बघणं तर सोडाच, मला इतरांकडे बघणंही जमणार नव्हतं. ताईला ते पुरतं ठाऊक होतं. "खुळे, तुझं असं काय जगावेगळं आहे, जे बघायला त्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या टपून बसल्यात?" असं म्हणून ती मला चिडवायची, आणि मग परडी उचलून एकटी जायची. राग कधी धरला नाही. दहा-अकरा वर्षं आमचं हे असं चाललं, म्हणजे तो आमचा विनोदच होऊन गेला होता.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तिचं ऑपरेशन झालं. छातीत गाठ होती, डावी बाजू पूर्ण काढावी लागली. मग औषधं, केस जाणं, उलट्या, सगळं ओघाने आलंच. मी त्या काळात काय केलं नाही ते विचारा. डबे पोचवले, तिच्या घराचा कचरा वारांप्रमाणे लावला, ऋषी ओसाकाला नोकरीला, म्हणून त्याला रोज रात्री खुशालीचा मेसेज टाकला, पुण्याहून मऊ सुती टोप्या मागवल्या. लोक म्हणायचे, सख्खी बहीण करणार नाही. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू! तिने न मागितलेलं सगळं मी केलं.

मागितलं तिने एकच. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की जखम उत्तम भरलीय, आता पाण्यात बसायला हरकत नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात चहा करत होते. ती पाठमोरी, खिडकीपाशी उभी होती. म्हणाली, "वर्षा, एकदा माझ्याबरोबर चलशील?" मी नेहमीसारखी हसले. ती हसली नाही. "मी दोनदा जाऊन आले गं दारापर्यंत. एकटीला आत जाववत नाही. तू नुसती बरोबर चल, बघू नकोस माझ्याकडे, बोलू नकोस, चालेल मला..." परकराची गाठ सोडून मोकळी होणारी बाई ही! तिने मला असं काही विनवून मागावं हे मला सहनच होईना. मी पटकन म्हटलं, "जाऊ या की! पुढच्या शनिवारी नक्की." पुढच्या शनिवारी मुलीला ताप आला, खरंच आला. त्याच्या पुढच्या शनिवारी नव्हता आला, तरी मी सांगितलं.

मे महिन्यात एकदा मात्र आम्ही गेलो. मी घरून निश्चय करून निघाले होते, नवा टॉवेलसुद्धा घेतला होता. साडेतीनचा सुमार, दारावरचा निळा पडदा नुकताच लावलेला. ताईने माझ्याकडे बघितलं. आतून लाकडी बादल्यांचे आवाज येत होते, कुणीतरी खळखळून हसत होतं. माझे पाय जागचे हलेनात. खरं सांगते, मला तेव्हा माझी लाज नव्हती वाटत. मला तिची भीती वाटत होती. ती कपडे काढील आणि मला ते बघावं लागेल... आणि माझ्या तोंडावर जे उमटेल ते ती बघेल. मी म्हटलं, "ताई, आज नको ना गं. मला कसंतरीच होतंय." तिने माझ्या तोंडाकडे दोन क्षण बघितलं. मग म्हणाली, "बरं, जाऊ दे." आम्ही शेजारच्या मशीनमधून थंडगार चहाच्या बाटल्या घेतल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून प्यायलो. ती मला मिरजेतल्या तिच्या मावशीची काहीतरी गंमत सांगत होती. म्हणजे माझीच समजूत घालत होती! त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि देवा, मला सुटल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या आधी दुखणं उलटलं, पाठीच्या मणक्यात. पुढचे महिने मी लिहीत नाही. शेवटची भेट झाली ती एका मंगळवारी, हॉस्पिटलमध्ये. नर्सने गरम पाण्यात पिळलेले टॉवेल आणून ठेवले होते. ताई म्हणाली, "पाठ पुसशील जरा? हे फार हळू पुसतात, धूळ झटकल्यासारखं." मी उठले, तिचा गाऊन खांद्यावरून उतरवला. पाठ पुसली, चांगली खसखसून पुसली, ती "आहा" म्हणाली. मग तिने कुशीवर वळायचा प्रयत्न केला आणि गाऊन पुढून सरकला. आणि मी... मी खिडकीकडे बघितलं. क्षणभरच, अगदी क्षणभर. पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. तिने स्वतःच, त्या काटकुळ्या हातांनी, गाऊन वर ओढून घेतला आणि म्हणाली, "राहू दे गं, झालं तेवढं पुरे." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी रविवारी येते म्हणून निघाले, आणि शुक्रवारी सकाळी तो फोन आला.

तिचं सगळं इथेच केलं. ऋषी ओसाकाहून आला, इथल्या पद्धतीप्रमाणे बापलेकाने चॉपस्टिक्सनी अस्थी उचलल्या. माझा शिष्ट, जपानीत बोलणारा ऋषी "आई गं, आई गं" एवढंच म्हणत होता. तेराव्याला ताईच्या हाताखाली कचरा शिकलेल्या पंधरावीस बायका जमल्या होत्या. प्रत्येकीने मला जवळ घेऊन सांगितलं, तू तिच्यासाठी किती केलंस. मला तिथे उभं राहवेना.

त्यानंतर चौथ्या शनिवारी मी गेले. कुणाला सांगितलं नाही, निखिललाही नाही. दारात थांबले असते तर परत फिरले असते, म्हणून थांबलेच नाही. जोडे काढले, कपडे काढले, आत गेले. वाफेत आधी काही दिसेना. मग दिसू लागलं. एकीच्या गुडघ्यावर वीतभर टाके. एकीचं पोट उभं शिवलेलं. एकीच्या कमरेत एवढा बाक, की ती स्टुलावर बसूनच पुढे सरकत होती. माझ्या शेजारच्या नळाशी बसलेल्या आजींना एकच स्तन होता. दुसऱ्या बाजूला सपाट छाती, पांढुरका व्रण, आणि त्यावरून त्या साबण फिरवत होत्या, आपण भांडं घासतो तितक्या सहज. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आणि मी बघत होते. मला बघता येत होतं. इतकं सोपं होतं ते!

आजींनीच बोलायला सुरुवात केली. "इंदोजिन का, भारतातल्या? रोहिणी-सानच्या ओळखीच्या? पुष्कळ दिवसांत आल्या नाहीत. देशात गेल्या का?" इथे कुणी कुणाचा पत्ता, फोन विचारत नाही, त्यामुळे यांना काहीच कळलेलं नव्हतं. ऑफिसात दिवसभर जपानीत बोलणारी मी, पण ते एक वाक्य माझ्या तोंडून निघेना. निघालं ते असं, की रोहिणी-सान गेली. छातीचा आजार होता. आजींचा हात थांबला. मग आपल्या छातीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझं हे सात वर्षांपूर्वीचं. तीन महिने मी दारापर्यंत येऊन परत जायचे. रोहिणी-सानने एकदा बाहेर बघितलं मला."

"मग?" मी विचारलं.

"काही नाही. काही बोलल्या नाहीत. माझा हात धरला आणि आत आणलं."

"एवढंच?"

"एवढंच," आजी म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं, की तीही दारापर्यंत येत होती. तिने मला विचारलं होतं, आणि मी गेले नाही. त्यांनी मला नाही समजावलं, नाही दोष दिला. नुसतं "हं" म्हणाल्या आणि पुन्हा साबण उचलला. ताईला नेमकं ठाऊक होतं, अशा वेळी माणसाला काय लागतं ते. तिने ते दुसऱ्यासाठी केलं होतं, म्हणूनच तर तेवढंच मागितलं. हात धरायचा आणि चार पावलं आत जायचं. मी तिच्यासाठी सगळं केलं हो... तेवढं केलं नाही.